दुपारचा खटका

तपासनीस बाईंनी बॅटरीच्या पेटीचं झाकण उतरवून भिंतीला टेकवलं आणि पेटीच्या मागच्या अंगाला हात घातला. बोटांना जे लागलं ते तिथे असायला नको होतं. निळी वायर मध्येच कापून कुणीतरी एक साधा घरगुती खटका बसवला होता. काम मात्र सफाईदार होतं. जोड नीट डागलेला, त्यावर टेप घट्ट गुंडाळलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच," फिटरकाका म्हणाले. "चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. लपवायचं कशाला?"

बाईंनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. सकाळपासूनचं हे सहावं घर. लिफ्ट बंद, चार जिने चढून त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. गेल्या महिन्यात आलेल्या मेकॅनिकने कळवलं होतं की या घरात काहीतरी जास्तीचं जोडलंय, ते बघून या. जास्तीचं सापडलं की बॅटरी काढून न्यायची, असा नियम. परवाच एका घरातली काढून नेली होती, तेव्हा त्या घरातली सून जिन्यात उभी राहून रडत होती.

वीज गेली तरी घरातलं चालू राहावं म्हणून सरकारने या बॅटऱ्या अनुदानातून घरोघरी बसवल्या होत्या. ज्या घरात आजारी माणूस मशीनवर आहे, त्या घरांना सगळ्यांत आधी. अट एकच. उन्हाळ्यात दुपारी शहरातल्या विजेवर ताण आला की निळ्या वायरीतून निरोप येणार आणि प्रत्येक बॅटरी आपल्यातली थोडी वीज परत देणार. एका घरातली वीज ती कितीशी. पण हजारो घरांची मिळून शहर अंधारात जायचं वाचत होतं.

"रुग्णासाठी निम्मी वीज बॅटरीत कायम राखलेली असते, काका. तिला कुणी हात लावत नाही. तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. कागदावर आहे. पण आतल्या खोलीत जी पडलीय ती कागदावर नाही." त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "खटका बंद असला की निरोप पोचत नाही, म्हणून दुपारी डोळा लागतो माझा. बोलायचं ते बोला."

बाईंनी टॅबवर घराची नोंद उघडली. उगाच वाद नको, आकडा दाखवू आणि मोकळं होऊ, असं त्यांच्या मनात होतं. नोंद त्यांनी दोनदा पाहिली. गेल्या दोन महिन्यांत चव्वेचाळीस वेळा निरोप गेला होता आणि चव्वेचाळीसही वेळा या बॅटरीने वीज दिली होती.

त्या काही बोलणार, तेवढ्यात आतून काकूंची हाक आली. "अहो, त्यांना पाणी तरी विचारा."

काका स्वयंपाकघराकडे वळले. बाई आतल्या खोलीत गेल्या. पलंगाशेजारी प्राणवायूचं मशीन एका लयीत घरघरत होतं. काकूंच्या नाकातली पारदर्शक नळी पलंगावरून उतरून जमिनीवर वेटोळं करून पडली होती. बरीच लांब नळी.

"पोचते पेटीपर्यंत," बाईंची नजर ओळखून काकू म्हणाल्या. दोन शब्द झाले की त्यांना थांबावं लागत होतं. "हे दोनला झोपतात. मग मी खटका लावते. चारला उठायच्या आत... बंद करते."

"पण का, काकू?"

"दिवसभर घेतच असते मी. हवा घेते, गोळ्या घेते, ह्यांचा हात घेते." त्या थांबल्या, श्वास गोळा केला. "एवढंच एक द्यायला उरलंय."

"मग काकांना सांगा ना. रोजची लपवाछपवी कशाला?"

"सांगितलं तर झोपतील का ते? रात्रभर जागतात माझ्यापायी. तो खटका काढू नका, बाई. आणि बोलूही नका."

काका पाण्याचा तांब्या घेऊन आले. बाई उभ्याउभ्याच प्यायल्या. मग बाहेर येऊन त्यांनी झाकण परत लावलं. हात काम करत होते आणि डोकं मात्र फॉर्मवरच्या एका रकान्यापाशी अडलं होतं: अनधिकृत बदल, आहे की नाही. आहे लिहिलं तर बॅटरी जाणार. नाही लिहिलं आणि उद्या कुणी येऊन पाहिलं, तर नोकरी.

"खालपर्यंत सोडतो," म्हणत काका मागोमाग निघाले. एक जिना उतरल्यावर त्यांनी वर पाहून कानोसा घेतला.

"ती काय म्हणाली ते मी विचारणार नाही, मॅडम."

बाई थांबल्या.

"मला दुपारची झोप येत नाही," काका म्हणाले. "कधीच आली नाही. पहिल्या दिवशी खटक्याचा आवाज ऐकला. उठून ओरडणार होतो. तेवढ्यात तिची पावलं ऐकली. पलंगापासून पेटीपर्यंत नऊ, परत नऊ. डॉक्टर सांगून थकले, मी हातापाया पडलो, वर्षभर पलंग सोडला नव्हता तिने. आता दोनदा उठते. लावायला एकदा, बंद करायला एकदा. गेल्या आठवड्यात मध्येच खिडकीपाशी उभी राहिली थोडा वेळ."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? घोरतो."

दोघांनाही हसू आलं, पण पुरतं फुटलं नाही. काकांनी कठडा धरला, मान हलवली आणि ते एकेक पायरी चढत परत गेले.

बाई तिथेच पायरीवर बसल्या. फॉर्म गुडघ्यावर घेऊन त्यांनी तो रकाना भरला, खाली सही केली आणि सही नीट वाचता येईल अशी पुन्हा गिरवली. फोन वाजला. ऑफिसातून साहेब होते.

"काय सापडलं त्या घरात?"

"काही नाही, साहेब. सगळं ठीक आहे."

"मग आवाज असा का येतोय तुमचा?"

"जिने फार आहेत हो," बाई म्हणाल्या.