डोळे मिटून जागी

माहा पोरगा मनोज अकोल्याले मास्तर आहे. त्याले आईकडे यायले वेळ नाही, म्हणून त्यानं माह्या खोलीत कॅमेरा लावला. तिकडे बसून मोबाइलमधी मले पाहते. त्याचा बाप जाऊन आठ महिने झाले, तवापासून नांदगावच्या घरात मी एकटीच. रात्रभर झोप लागत नाही, असं फोनवर सांगितलं, तर म्हणते कसा, "आई, खोटं काहून बोलतं? मी पाहून राहिलो ना. मस्त झोपलेली असतं तू."

डोळे मिटून पडली म्हणजे झोपली होते का? चाळीस वर्षं भाजी विकली, कोणाले मापात मारलं नाही, अन् पोटच्या पोरानं मले खोटारडी ठरवलं. मी म्हटलं, "ने मले डाक्तरकडे. जे खरं असन ते निघन."

अकोल्याच्या एका दवाखान्यात माणसाची झोप तपासतात. केस धुऊन, तेल न लावता या, असा हुकूम. बिनतेलाच्या डोक्यानं मी कधी घराबाहेर पडली नव्हती. तिथं गीतांजली नावाची पन्नाशीची बाई होती. तिनं जागोजागी भांग पाडून चिकट मलम लावलं अन् डोकंभर वायरी डकवल्या. पदर घ्यायची सोय राहिली नाही.

"आजी, तुमच्या डोक्यात रात्रभर काय चालतं ते इथं रेघांनी उमटतं," ती म्हणाली.

"मंग कागद जास्त ठेव माय," मी म्हटलं.

मनोज "सकाळी येतो" म्हणून घरी गेला. मी पडून राहिली. गीतांजली बाजूच्या खोलीत मशीनपाशी. पहाटे चारले एक वायर सुटली म्हणून ती आत आली, वायर बसवली अन् माह्या पलंगाजवळच्या खुर्चीवर जराशी टेकली. थकलेली बाई, दोन मिनिटांत घोराले लागली. बाप्पा, काय ते घोरणं! पुढचं मले आठवत नाही.

सकाळी डाक्तरीणबाईनं मनोजले रेघा दाखवल्या. गोधडीच्या टाक्यासारख्या बारीक, दाट.

"या जागेपणाच्या. तुमच्या आई जवळजवळ रात्रभर जाग्याच होत्या."

डाक्तरीणबाईनं बोट पुढं सरकवलं.

"इथं मात्र, चारच्या नंतर, बघा लाटा कशा मोठ्या अन् संथ झाल्या. तासभर छान झोप. तेव्हा काय झालं होतं?"

गीतांजलीनं मान खाली घातली. "मॅडम, मी आजींजवळ बसले होते. माझाही डोळा लागला."

खरी ठरली मी. पण जे मले कोणाले सांगायचं नव्हतं, तेही त्या मशीननं सांगून टाकलं.

मनोज म्हणाला, "आई, सोबतीले एखादी बाई ठेवू. पगार मी देतो."

केसातलं मलम वाळून टोचत होतं. मी त्याच्यावरूनच पदर घेतला, अन् डाक्तरीणबाईच्या समोरच म्हटलं,

"आठ महिने मी बोलली ते तुले पटलं नाही, रेघा पाहून पटलं. अन् आता बाई ठेवून राहिला. काल रात्री माह्याजवळ परकी बाई बसली, मनोज, तू नाही. तू मास्तर झाला बापू, पोरगा म्हणून कच्चाच राहिला."