चौदा नंबरचं दुसरं कुलूप

"कुलूप घातलंत? कोणी?" जगदीश वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मीच!" अच्युतराव छाती पुढे काढून म्हणाले. "भोईवाड्याच्या चाळीत, चौदा नंबरवर. चांगलं पितळी, नारळाएवढं. बुधाजीच्या कुलपाच्या उरावर माझं कुलूप. बघतोच आता कोण आत शिरतो ते!"

वकिलांनी कपाळाला हात लावला.

चाळीचा कारभार नेटका कसा करावा, हे त्यांनीच अच्युतरावांना शिकवलं होतं. भाडेकरूने खोली सहा महिने वापरली नाही, तर मालकाला ती परत मागता येते. गिरणीत कापड विणायचे साचे चालवणारा बुधाजी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला, त्याची बायको राधा बाळंतपणाला मालवणला गेली, आणि अच्युतरावांनी गिरगावातल्या घरी कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. पाच महिने सुखाचे गेले. मग शेजारची दुर्गा त्या खोलीत पापड वाळत घालताना सापडली. राधा किल्ली तिच्याकडेच ठेवून गेली होती. पुढच्या आठवड्यात तिथे बायकांचं भजन. म्हणजे खोली वापरात! अच्युतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ते कुलूप घालून आले.

"अहो, कोर्टात विचारलं, खोली बंद कोणी ठेवली, तर?"

"मी!"

"मग भाडेकरूने वापरली नाही, की तुम्ही वापरू दिली नाही?"

अच्युतरावांनी खिशातली किल्ली चाचपली.

"राधाबाईने दोन कुलपं बघितली, तर फिर्याद तीच करेल. आत्ताच्या आत्ता जा आणि काढा!"

अच्युतराव कायद्याला, वकिलाला आणि ट्रामच्या कंडक्टरला शिव्या घालत भोईवाड्यात पोचले. पाहतात तर गॅलरीत ट्रंकेवर राधा बसलेली, मांडीवर दोन महिन्यांचं पोर. आणि दुर्गा पदर खोचून उभी.

"आले बघा मालक! नवरा तुरुंगात, बाई ओली बाळंतीण, आणि ह्यांनी दाराला बेड्या ठोकल्या!"

"ए बाई, तोंड सांभाळ!"

"तुमी आधी किल्ली सांभाळा!"

दुर्गाने बुधाजीचं कुलूप खटकन उघडलं. अच्युतरावांनी आपली किल्ली घातली, रागारागात पिळली, आणि ती अर्धी आत, अर्धी हातात. सगळी गॅलरी खो खो हसली.

"हसताय काय! एकेकाला घराबाहेर काढीन!"

त्यांनी दुर्गाच्या पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कुलपावर घाव घातला. एक, दोन, तीन. कुलपाला ओरखडा नाही. चौथ्या घावाला कडी चौकटीतून उखडली, गंजलेल्या बिजागऱ्या निखळल्या, आणि पितळी कुलपासकट अख्खं दार मालकांच्या अंगावर आलं. कसंबसं त्यांनी ते छातीवर तोललं. टोपी खाली, धोतराचा सोगा दाराखाली.

"सुतार!" ते ओरडले. "कोणीतरी सुतार आणा!"

"लालबागेत गेलाय," दुर्गा म्हणाली. "तीनला येईल."

राधा उठली. मालकांच्या बाजूने वाट काढून आत गेली. दुर्गाचे राहून गेलेले दोन पापड उचलून फळीवर ठेवले, जमीन झाडली, चटई घातली. पोराने टाहो फोडला.

"मालक," आतून आवाज आला, "दार वायच सरळ धरा. पोराक पाजूचा आसा. आणि तोंड तकडे करा."

अच्युतराव वळले. दार चौकटीला लावून, त्याला पाठ टेकून उभे राहिले. समोर अख्खी गॅलरी. सुतार कुठे मेला, अशी खणखणीत बोंब मारायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आत पोर गप्प झालं.

बोंब त्यांनी गिळली. दार डावीकडे थोडं कललं होतं. फट राहू नये म्हणून त्यांनी ते खांद्याने हळूच चौकटीशी रेटलं.