चव पाहणाऱ्याची मान

त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एक नियम होता. चव पाहणाऱ्याने मान डोलावल्याशिवाय कुठलंही पातेलं स्वयंपाकघराबाहेर पडायचं नाही. जुना चव पाहणारा निवृत्त झाला, तेव्हा मुख्य आचाऱ्याने ते काम होयबाला दिलं. होयबा म्हणजे बटाटे सोलणारा. 'नाही' हा शब्द कुणी त्याच्या तोंडून ऐकलाच नव्हता, म्हणून हे नाव. आचाऱ्याने विचार केला, हा गडी सगळ्याला होकार देणार आणि जेवणं वेळेवर जाणार. आचाऱ्याला माणसं बरोबर ओळखता येतात, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

पहिल्या दिवशी होयबाने सगळ्या पातेल्यांना मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पळीतलं सूप जरा जास्तच गरम होतं, म्हणून तो थांबला. तेवढ्यात अख्खं स्वयंपाकघर श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच लोक आपल्याकडे बघतायत, हे त्याच्या लक्षात आलं. झालं, तिथेच बिनसलं. मग सूप गार असलं तरी तो थांबू लागला. मग डोळे मिटून थांबू लागला. पुढे बसायला खुर्ची आली, खांद्यावर पांढरा नॅपकिन आला, आणि कालपर्यंत "ए होयबा" म्हणणारे "साहेब, जरा बघता का?" म्हणू लागले. एकदा घरी त्याने बायकोचा चहा परत पाठवला. ती म्हणाली, "कप ठेवा आणि स्वतः करून प्या." घरचे नियम वेगळे होते.

ही बायको त्याच कॅन्टीनमध्ये कांदे चिरायची. दोघांनाही तिथे चिकटवलं होतं तिच्या मोठ्या जावेने, जी सूपच्या चुलीवर होती. जाऊबाईंच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. "कांदा चिरतेस की लाकडं फोडतेस गं?" असं त्या रोज सगळ्यांसमोर विचारायच्या. सगळे हसायचे. धाकटीही हसायची आणि आतल्या आत धुमसायची.

अशात होयबाला सर्दी झाली. नाक बंद, चव गुल. मीठ काय नि साखर काय, सगळं सारखंच.

"सांगून टाका ना आचाऱ्यांना," बायको म्हणाली.

"वेड लागलंय का? खुर्ची जाईल!"

शेवटी ठरलं ते असं. पातेलं उतरलं की तिने गुपचूप चाखून बघायचं. बिघडलं असेल तर खोकायचं. ती गप्प राहिली, तर त्याने मान डोलवायची.

सुरुवातीला ती अगदी इमानदारीत खोकली. मग एकदा भाजीवर असलेल्या माणसाने तिच्या नव्या चपलांची टर उडवली, आणि त्याच्या भाजीच्या वेळी तिला खोकला आला. भाजी उत्तम होती. पातेलं परत गेलं, तो बिचारा घामाघूम झाला, आणि तिला इतकं बरं वाटलं की संध्याकाळभर ती गुणगुणत होती. त्यानंतर खोकला वाढतच गेला.

जेवणं उशिरा जाऊ लागली. कामगारांनी आरडाओरडा केला, तसा आचारी कडाडला, "आता ज्याचं पातेलं परत येईल, त्याची चूल सुटली! थेट मोरीवर, भांडी घासायला!"

दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंनी कांद्याचा एक तुकडा वर धरून सगळ्यांना दाखवला. "हा बघा. यावर बसून जेवता येईल." हशा पिकला. सूप पळीत आलं, होयबाने तोंडात घेतलं, आणि धाकटी खोकली. होयबा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मग त्याने मान आडवी हलवली.

"भाऊजी, पुन्हा एकदा बघा ना," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा मऊ कुणी ऐकला नव्हता.

त्याने पुन्हा बघितलं. मान पुन्हा आडवीच. जाऊबाईंनी अॅप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि त्या मोरीवर गेल्या.

संध्याकाळी धाकटीला घास गिळवेना. जिने आपल्याला पोटापाण्याला लावलं, तिलाच आपण मोरीवर बसवलं, या विचाराने तिला रडू आलं. "अहो, मी खोटंच खोकले. सूपला काहीसुद्धा झालं नव्हतं."

"ठाऊक आहे," होयबा म्हणाला. "सर्दी परवाच गेली माझी. सूप झकास होतं."

"मग मान का हलवलीत?"

"तू खोकलीस ना, तेव्हा वाटलं, बघू तरी, वहिनींनासुद्धा हलवता येतं का. आलं की!" तो हसला. मग त्याला लाज वाटली, पण थोडीच.

"उद्या जाऊन खरं काय ते सांगा."

"सांगतो. पण मग तुझ्या खोकल्याचंही सांगावं लागेल. आणि आचारी म्हणत होते, ती चूल तुला द्यायची."

तिने ताट पुढे ओढलं. "मग या आठवड्यात नको," ती म्हणाली, आणि जेवली.

सकाळी तिने चूल पेटवली. मोरीवर जाऊबाई पाठमोऱ्या बसून भांडी घासत होत्या. आज त्यांनी कुणाच्याच कांद्याला नावं ठेवली नाहीत. सूप छान जमलं. होयबा खुर्चीवरून उठला, त्याने पळी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. सूप छान झालंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याचा काही उपयोग नसतो, हेही त्या स्वयंपाकघरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

होयबाने डोळे उघडायची अजिबात घाई केली नाही.