आउनेबाईंचा शुक्रवार

आमच्या इमारतीच्या तळघरात सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, आहे आणि आठवड्यातला कुठला तास कुठल्या घराचा, हे इमारत बांधली तेव्हापासून ठरलेलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाचा तास आउनेबाईंचा. नवरा होता तेव्हा दोघं जायची, आता त्या एकट्या जातात. इथे फिनलंडमध्ये, ताम्पेरेत, माणूस एक वेळ आडनाव बदलेल, पण सौनाचा तास सोडणार नाही.

या वसंतात आमच्या सोसायटीच्या अध्यक्षाला सुधारणा सुचली. इल्पो त्याचं नाव. कागद गिरणीच्या संगणक विभागातून निवृत्त झालेला, दिवसभर रिकामा, आणि त्याच्या रिकामपणाचा ताप आम्हाला. त्याने स्वतः एक वेबसाइट बनवली. प्रत्येकाने तिच्यावर जाऊन 'माझा तास मला हवा' हे बटण दाबायचं. जो दाबणार नाही त्याचा तास जाईल.

मी आउनेबाईंकडे गेले. कॉफी झाली, त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्यासमोर, स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. पडद्यावर 'आभारी आहोत' असं आलं.

"बघ तुइरे, जमलं की," त्या म्हणाल्या. "उगाच घाबरवतात म्हाताऱ्यांना."

महिन्याभराने त्यांना पत्र आलं. मुदतीत आपलं उत्तर मिळालं नाही, सबब शुक्रवारचा तास काढून घेतला आहे. तसंच पत्र आणखी काही घरांना गेलं, पण बटण दाबायचं आपल्याकडूनच राहिलं असेल असं ज्याला त्याला वाटलं.

नेमकी त्या दिवशी त्यांची मुलगी सिर्क्कु हेलसिंकीहून आलेली. आईने वृद्धाश्रमात जावं म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती, आणि आई दाद देत नव्हती. आता तिच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

"आई, बटण दाबल्याचं तुला नक्की आठवतंय?"

"दाबलं मी," आउनेबाई म्हणाल्या. मग थोड्या थांबून, "म्हणजे, मला तरी तसंच वाटतंय."

"मी शेजारी बसले होते," मी म्हणाले.

"तू आईला सांभाळून घेतेस, तुइरे, मला कळतं ते," सिर्क्कु म्हणाली. "पण मे महिन्यात एक खोली रिकामी होतेय. मी होकार कळवणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर आउनेबाईंच्या शेगडीवर चिठ्ठी चिकटवलेली, 'बंद कर'. दारावर दुसरी, 'किल्ली घे'. मला बघून त्या ओशाळल्या. माझा जीव तुटला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच इल्पोच्या दारात जाऊन उभी राहिले.

"वय झालंय बाईंचं," तो म्हणाला. "यंत्र चुकत नाही."

"माझ्यासमोर दाबलं त्यांनी."

"मग दुसरंच काहीतरी दाबलं असेल."

"एकच बटण आहे, इल्पो. तूच केलंयस ना?"

"मग दाबलंय असं वाटलं असेल त्यांना. होतं या वयात."

त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते, पण आधी त्याचा प्रोग्राम बघायला मागितला. माझं पोटच या कामावर चालतं. त्याने मोठ्या ऐटीत दाखवला. काम साधं होतं. ज्यांची उत्तरं आलीत पण मंजूर झालेली नाहीत, त्यांचा शोध घ्यायचा. पहिली पाच उचलून त्यांच्यावर मंजुरीचा शिक्का मारायचा. मग पुन्हा शोध घ्यायचा आणि पहिली पाच झाली म्हणून ती सोडून पुढची पाच घ्यायची. असं शेवटपर्यंत.

"अरे, शिक्का बसला की ती पाच शोधातून गळतात," मी म्हणाले. "मागची पुढे सरकतात. तू सोडतोस ती नवीनच पाच."

"पाच झाली म्हणून पाच सोडली. शाळेतल्या पोराला कळेल हे. मला शिकवू नकोस, तुइरे."

"बरं, नाही शिकवत," मी म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. कॉफी आणि पुल्ला, म्हणजे आमचा गोड पाव, पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे कुणी ठरावाला हात वर करत नाही. आउनेबाई सिर्क्कुबरोबर मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी किटलीचा ताबा घेतला. समोर वीसेक जणांची रांग. पहिल्या पाच जणांना कॉफी दिली, ते जाऊन बसले. रांग पुढे सरकली, आता इल्पो दुसरा. मी पुढचे पाच सोडले आणि त्यांच्या मागच्या पाच जणांना बोलावलं. कुरकुर सुरू झाली. ते कॉफी घेऊन बसल्यावर मी म्हणाले, "आता दहा झाले, म्हणून दहा सोडायचे. अकरावं कोण?"

रांगेत दहाच जण उरले होते.

"कुणीच नाही? मग संपलं," म्हणून मी किटलीवर झाकण ठेवलं.

"हे काय चाललंय?" रिकामा कप धरून इल्पो म्हणाला. "मी कधीचा उभा आहे."

"तुझी मागणी आलेली नाही."

"तुझ्यासमोर उभा आहे मी."

"तुला तसं वाटतंय, इल्पो. होतं या वयात."

इल्पोने हातातल्या कपाकडे बघितलं, बसलेल्यांकडे बघितलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं. मग त्याचे कान लाल झाले. एवढं मात्र कबूल करते की एकदा कळल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"दर वेळी पहिल्यापासूनच घ्यायला हवं होतं," तो पुटपुटला. मग घसा खाकरून सगळ्यांना म्हणाला, "थोडी तांत्रिक अडचण झाली होती. गेलेले तास उद्या परत मिळतील."

मागे आउनेबाई उठल्या. "तांत्रिक अडचण राहू दे. मी बटण दाबलं होतं का?"

"दाबलं होतं."

"मोठ्याने सांग. सिर्क्कुला ऐकू येत नाहीये."

"दाबलं होतं, आउने," इल्पो मोठ्याने म्हणाला. "चूक माझी होती."

सिर्क्कु मान खाली घालून बसली. दुसऱ्या दिवशी तिने वृद्धाश्रमाला नकार कळवला.

शुक्रवारी आउनेबाईंनी मला आपल्या तासाला बोलावलं. आम्ही वरच्या फळीवर बसलो, त्यांनी दगडांवर पाणी टाकलं, वाफ अंगावर आली. किती दिवसांनी त्या गुणगुणत होत्या. मध्येच माझ्याकडे वळल्या.

"तुइरे, निघताना मी शेगडी बंद केली होती ना गं?"

"केली होती," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

त्यांनी मान हलवली. मग टॉवेल गुंडाळला, चपला घातल्या आणि शेगडी बघायला वर गेल्या.