पलंगाच्या मध्यावर

दुसऱ्या गर्भपातानंतर आमचा पलंग रुंद होऊ लागला. आधी रोज वीतभर, मग कोसभर. खोलीनेही समजूतदारपणे भिंती मागे घेतल्या. माझा नवरा श्रीरंग त्याच्या कडेला झोपायचा, मी माझ्या. दिवाळीपर्यंत तो ठिपक्याएवढा दिसू लागला. घोरणं मात्र ऐकू यायचं.

आम्ही फोनवर बोलायचो.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

मूळ विषय सोडून सगळं.

सोसायटीचे सेक्रेटरी पोतनीसकाका टेप घेऊन आले. वार्षिक सभा त्यांनी आमच्या पलंगावरच उरकली. "वहिनी, एवढी जागा पडून आहे, पार्किंग करू या का?"

"चादर खराब होईल," मी म्हटलं. त्यांना पटलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा प्रयत्नासाठी तारखा दिल्या: बारा, चौदा, सोळा. श्रीरंग बाराला निघाला असता तर सतराला पोचला असता.

म्हणून दहालाच मी निघाले. सोबत दशम्या आणि उशीच्या अभ्र्यात लपवलेली कुंची. मूल जन्मण्याआधी त्याचे कपडे घरात आणायचे नाहीत, असं सासूबाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या खेपेला मी तिसऱ्या महिन्यातच गुपचूप कुंची आणली. त्याच आठवड्यात सगळं संपलं. माझ्यामुळेच, असं मला रोज वाटायचं. हे कळलं तर श्रीरंग मला सोडून जाईल, याची भीती वाटायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो समोरून येताना दिसला.

"चादरीवर चपला?" मी ओरडले.

त्याने मुकाट्याने चपला काढल्या. मग खिशातून पिवळी कुंची काढली. चांगली मोठी होती.

"मी आधीच आणली होती," तो म्हणाला. "दुकानदाराने वय विचारलं. मी घाबरून माझंच सांगितलं." "माझ्यामुळे गेलं गं ते."

मी माझी कुंची तिच्याशेजारी ठेवली.

"तू पण?"

"मी पण."

मग त्याने स्वतःची कुंची डोक्यावर चढवली. नीट बसली. हनुवटीखाली बंद बांधताना मला हसू आवरेना, आणि रडूही.

तेवढ्यात पलंगाच्या दोन्ही कडा आमच्याकडे धावत आल्या. सभेच्या खुर्च्या धडाधड खाली पडल्या. नेहमीच्या मापाला कडा थांबतील असं मला वाटलं. त्या थांबल्या नाहीत.

"पाय वर घे," कुंचीतला श्रीरंग म्हणाला.

मी गुडघे पोटाशी घेतले. त्यानेही घेतले. पलंग पाळण्याएवढा उरला होता, आणि अजून आक्रसत होता.