आतल्या मशीनला दिलेला हुंकार

हंसाबाई ढावलो म्हणू लागली की दावणीचे बैल दावं तोडून नवरीच्या मागं चालू लागायचे. उमरखेडकडच्या त्या बंजारा तांड्यात कोणालाही विचारा. एकदा तर विहिरीचं पाणी काठापर्यंत चढून आलं होतं, नवरीचं तोंड बघायला. लखीराम हे शपथेवर सांगायचा, आणि हंसाबाई त्याचीच बायको, तेव्हा त्याला खोटं कोण पाडणार? तसंही बोलण्यात त्याला कोणी हरवलेलं नव्हतं. तो एसटीत चढला की कंडक्टर तिकिटं फाडायची विसरे.

ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीचं गाण्यातलं रडणं. एकेकाचं नाव घेऊन, गळ्यात पडून रडायचं. ज्याचं नाव निघालं त्यानं 'हूं' म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार आल्याशिवाय नवरी पुढं सरकत नाही.

उद्या नात वर्षाची पाठवणी होती आणि तिला ढावलोचा एक शब्द येत नव्हता. तांड्यात आता कोणालाच येत नव्हता. पोरी डीजेच्या दणदणाटात जीपमध्ये चढून जायच्या. पण मरणाआधी हंसाबाईनं लखीरामकडून जबान घेतली होती, 'माझ्या घरची पोरगी मुकी जाऊ देऊ नको.' त्यानंतर वर्षभरानं वर्षा जन्मली. हंसाबाईचा आवाज तेवढा एका डिस्कवर उरला होता. कोण्या अभ्यासकानं तो भरून घेतला होता, भोवताली कोणाला खोकूसुद्धा न देता.

भर दुपारी बसस्टँडमागच्या सुनीलच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आजोबा-नात बसले होते. उन्हामुळं शटर अर्धं ओढलेलं होतं.

"आबाजी, डिस्कवरचा प्रोग्रॅम लय म्हातारा हाय," सुनील म्हणाला. "नव्या लॅपटॉपले ओळखतच नाही. म्हणून ह्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर तयार केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतेत त्याले."

"पोटात? मंग बाळंत कदी होते हा?"

वर्षा फसकन हसली. सुनीलनं बाहेरून लावायची ड्राइव्ह वायरनं जोडली, डिस्क सरकवली. ती घरघरली. पण पोटातल्या कॉम्प्युटरला काही दिसेना.

"बाहेरच्या कॉम्प्युटरनं धरून ठेवली," सुनील कपाळ पुसत म्हणाला. "ह्या यादीत खूण केली का आतल्याले भेटते. पण एक हाय, वस्तू एका टायमाले एकाचीच. आतल्याले देली का बाहेरच्याची गेली."

"पोरीवानीच की रे."

सुनीलनं घाईत चुकीच्या ओळीवर खूण केली आणि माऊस आत गेला. बाहेरचा बाण जागच्या जागी मेला.

"घ्या! आता सोडवतो त्याले."

बटणं दाबदाबून त्यानं माऊस परत आणला आणि ड्राइव्ह आत धाडली. मग पंख्याचाही आवाज बारीक झाला असं लखीरामला वाटलं, कारण कोपरापर्यंतच्या बलिया, त्या तांड्याच्या बांगड्या, खुळखुळवत हंसाबाई गाऊ लागली होती.

वर्षा ओठ हलवत एकेक शब्द उचलू लागली. "भिया भीमसिंग ये..." हंसाबाईनं भावाला साद घातली आणि थांबली. खूप वेळ थांबली.

"हँग झालं काय?" सुनील पुढं वाकला.

लखीरामला मात्र ते थांबणं ओळखीचं होतं. भीमसिंग कधीचा मातीत गेला होता. नवरीला असं ताटकळत कोणी ठेवतं का? त्यानं भीमसिंगच्या वतीनं हुंकार दिला, "हूं."

गाणं पुढं निघालं.

सुनीलचा चेहरा उतरला. "आबाजी, माइक तर मी आतल्याले देलाच नाही."

"गप बस. पोरीले शिकू दे."

याडी भुरीबाई, भिया रामधन... आई, भाऊ, एकेक मेलेलं माणूस येत गेलं आणि लखीराम प्रत्येकाचा हुंकार देत गेला. दर हुंकाराला घसा कोरडा पडत होता, सरकीसारखं काहीतरी आत भरत होतं. वर्षाला सगळं पाठ होत आलं. शेवटचंच कडवं राहिलं होतं.

"वर्षा ये..."

डिस्क भरली तेव्हा वर्षा कुठं होती? सुनीलनं सटकन वायर उपटली. ड्राइव्ह मेली. पण पोटातल्या मशीनमध्ये हंसाबाईचा श्वास चालूच होता. ती वाट बघत होती.

वर्षानं रीतीप्रमाणं तोंड उघडलं. लखीरामला सुनीलचं 'आतल्याले देली का बाहेरच्याची गेली' आठवलं. त्यानं झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून स्वतः हुंकार दिला.

"हूं!"

हंसाबाईनं शेवटचं कडवं म्हटलं आणि पडदा काळा झाला.

"दादा, काहून दाबलं माह्यं तोंड?" वर्षानं आजोबाला विचारलं. लखीराम सांगायला गेला. ओठ हलले, पण त्यातून शब्द आला नाही. उसाच्या रसानं आला नाही, मिठाच्या गुळण्यांनी आला नाही. बाया म्हणाल्या, नात चालली म्हणून दाटून आलं असंल.

दुसऱ्या दिवशी जीप दारात लागली. डीजे बंद करायला लावून वर्षा गायली, आणि आयुष्यभर डोळ्यांत टिपूस न आणलेले गडीसुद्धा पदर शोधू लागले. बैल मात्र हलले नाहीत. ते लखीरामकडं टक लावून बघत होते.

"दादा लखीराम ये..." वर्षा त्याच्या गळ्यात पडली आणि थांबली.

त्यानं छाती फुगवली, तोंड उघडलं. नुसती हवा. वर्षा हुंकारासाठी खोळंबली, जीप खोळंबली, तांडा खोळंबला. लखीरामनं घाबरून सुनीलकडं पाहिलं. सुनील लग्नाचे फोटो उतरवायला लॅपटॉप घेऊन आला होता. तो मिटलेला, बंद, पिशवीत होता.

पिशवीतून खणखणीत आवाज आला, "हूं."

वर्षा डोळे पुसून जीपकडं निघाली. सुनीलनं पिशवी लखीरामच्या पायाशी ठेवली आणि मागं मागं सरकला. लखीरामनं वाकून कान लावला. आत त्याचाच आवाज हळूहळू काहीतरी सांगत होता, विहिरीचीच गोष्ट असावी. आणि ती ऐकताना, कोपरापर्यंत भरलेल्या बलियांचा खुळखुळाट करत, कोणीतरी हसत होतं.