न वाळलेला उजेड

खरं सांगतो, हे लिहून ठेवणारच नव्हतो. एवढंसं विमान आणि त्याचा रंग, त्यात सांगायचं काय? पण माझा मित्र लिसांद्रो अजून त्या रविवारातच तरंगतोय. म्हणून लिहितो.

विमान त्याने स्वतः बांधलेलं. दीड हाताचे पंख, नाकात इवलंसं इंजिन. आपण मध्ये उभं राहायचं, दोन बारीक तारा धरायच्या, आणि विमान आपल्याभोवती गरगरत राहतं.

पंख रंगवले एल्वियो उस्तादांनी. आमच्या आवेजानेदा शहरातल्या कितीतरी जुन्या बसगाड्यांवर त्यांच्याच वेली होत्या, फिती, फुलं, शेपटी वळवलेले ड्रॅगन. आता हात थरथरतो. सकाळचा मातेचा कडू चहा पिऊन झाला की जेमतेम दहा मिनिटं स्थिर राहतो. तसल्या दहा-दहा मिनिटांत त्यांनी तीन आठवडे काम केलं. शेवटी पांढऱ्याचे जाड फटकारे मारले, वेलीवर ऊन पडावं तसे. त्याला ते उजेड म्हणतात. मग ब्रश धुतला.

"झालं. हे शेवटचं," ते म्हणाले. "रविवारी मी मुलीकडे बाहिया ब्लांकाला चाललो, कायमचा. त्याआधी एकदा उडताना दाखव."

लिसांद्रोने आधी इंजिनाकडे पाहिलं. हे इंजिन मिथेनॉल आणि एरंडेल पितं आणि बरंचसं परत पंखावरच थुंकतं. साधा ऑइलपेंट त्यापुढे कसा टिकणार?

तो तादेओकडे धावला. तादेओ गाड्या रंगवतो. दोघं शाळेपासूनचे.

"दोन डबे कालवून करतात ते लॅकर मार," तादेओ म्हणाला. "वाळलं की काच. इंधन ओत, काही होत नाही."

"मग मार ना!"

"अरे येड्या, खालचा रंग कच्चा आहे. वर हे पडलं की हत्तीची कातडी होईल. महिनाभर वाळू दे."

"ते रविवारी चाललेत."

"मग भिंतीवर टांग आणि रोज मेणबत्ती लाव."

तरी शुक्रवारी तादेओने लॅकर कालवलं. लिसांद्रोने उस्तादांच्याच रंगाने लाकडाच्या तीन पट्ट्या वेल आणि जाड पांढऱ्या फटकाऱ्यांनी रंगवून, दोन दिवस वाळवून आणल्या होत्या. पहिलीवर नुसतं इंधन टाकलं. पाच मिनिटांत अख्खी वेल फडक्यावर आली. दुसरीवर लॅकरचा ओला हात मारला, तर लगेच सुरकुत्या. तिसरीवर तादेओने दहिवर पडावं तसं फवारलं, थांबून थांबून. वेल वाचली. जाड पांढरे फटकारे मात्र फुगून उलले.

म्हणजे पंखावरची वेल तीन आठवडे वाळलेली, ती कशीही तगेल. उजेड जाड, आणि रविवारी जेमतेम चार दिवसांचा असेल, तो जाणार.

शनिवारी त्याने उस्तादांना सगळं सांगितलं. "नुसतं उडवलं तरी उजेड जातो, लॅकर मारलं तरी जातो. न उडवता ठेवलं तरच राहील, उस्ताद. मला ते राहायला हवंय."

"पोरा, चाळीस वर्षं मी बस रंगवल्या. पाऊस, चिखल, कंडक्टरची थुंकी. नुसती उभी ठेवायला बस कोण रंगवतं रे?"

झालं. लिसांद्रोने लॅकर न मारताच विमान तयार केलं.

रविवारी मैदानात लिसांद्रो तारा धरून उभा, उस्ताद त्याच्या पाठीशी, खांद्यावर हात. तादेओने विमान सोडलं आणि लिसांद्रो नि उस्ताद हळूहळू फिरायला लागले. निलगिरीची झाडं, कारखान्याची चिमणी, कुणाचे वाळत घातलेले कपडे, सगळं वितळून एक लांबलचक फीत झालं. स्थिर होतं फक्त विमान. तेलाने वेल ओली होऊन अशी चमकत होती की जणू आत्ताच काढलीय. खांद्यावरची थरथर हाताची होती की तारांची, लिसांद्रोला कळेना. किती फेऱ्या झाल्या तेही कळेना. इंजिन गप्प झालं आणि विमान गवतावर टेकलं.

पांढरं पंखावरून दुधासारखं ओघळलं होतं. लिसांद्रोने पुसलं. वेल होती. उजेड नव्हता.

उस्तादांनी निरखून पाहिलं. "आता तो तू मार. ऊन डावीकडून येतं, तेवढं विसरू नकोस." आणि न्यायला आलेल्या मुलीच्या गाडीत जाऊन बसले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तादेओने विचारलं, "काय, अजून एकदा उडवायचं?"

"नाही. आधी उजेड मारेन. वाकडा आला तरी मीच मारेन. मग पुरता महिना वाळवून पंख तुझ्याकडे आणतो, तू लॅकर मार. तोवर इंजिनला हात लावणार नाही. शब्द देतो तुला."